काकूंचं तिखट आणि काकाजींची पाठ

ये, जवळ सरक जरा. तिकडं दाराशी टेकून काय वाचतेस माझं पत्र पाहुण्यासारखी. मागच्या खेपेला आलीस तेव्हाही अशीच, एक चप्पल पायात ठेवून बसलीस, आणि निघताना माझ्या हातात काय ठेवलंस, तर तिखटाचं पाकीट. दुकानातलं. वर म्हणालीस, "मावशी, बघ किती लाल आहे." लाल तर पोस्टाची पेटीही असते, पोरी. ती काय आपण वरणात टाकतो? तुझ्या आईनं तुला सांगितलं नाही वाटतं, की या घरात भिवापूरच्या मिरचीशिवाय दुसरं तिखट शिरत नाही, आणि शिरलंच तर ते मला माठामागे लपवावं लागतं. तुझं पाकीट अजून तिथंच आहे. रागावले नाही मी. पण ज्याला ठाऊक नाही त्याला सांगितलं पाहिजे, म्हणून सांगते. आता तिखटाचं सांगायचं तर मला आमच्या घरमालकांपासून सुरुवात करावी लागते, आणि घरमालकांचं सांगायचं तर फुटबॉलपासून. घाई असेल तर आत्ताच ऊठ.

बसलीस ना? बरं.

लग्न होऊन मी उमरेडहून नागपुरात आले तेव्हा तुझे मावसाजी मिलमध्ये होते आणि आम्ही खोली शोधत होतो. कोणीतरी या घराचा पत्ता दिला. घरमालक म्हणजे एक उंच, हडकुळे गृहस्थ, पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. भर उन्हाळ्यात अंगात काळा कोट. मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा. मावसाजींनी आपलं नाव सांगितलं, मिल सांगितली, गाव सांगितलं. काकाजींनी त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "लांबचं दिसते काय वं बाई तुले?"

मी पदर सारखा केला आणि म्हटलं, दिसते.

"चाल वर."

आम्ही गच्चीवर गेलो. घरामागे मोठं मैदान होतं. काकाजी मैदानाकडे पाठ करून उभे राहिले आणि मला म्हणाले, "माझ्या मागं एक पोट्टा असेल. त्याच्या हातात काय आहे?"

"जांब."

"अख्खा का खाल्लेला?"

"अर्धा खाल्लेला आहे."

"पुढं?"

"पुढं काय, काकाजी?"

"पुढं काय झालं?"

मी पुन्हा पाहिलं. "दुसऱ्या पोट्ट्यानं हिसकला. आता दोघंबी पळून राहिले. पहिला पडला."

"खोली तुमची," काकाजी म्हणाले आणि खाली निघून गेले. जिन्यात तुझे मावसाजी माझ्या कानाशी कुजबुजले, हा माणूस सरकलेला आहे, दुसरीकडे पाहू. पण दुसरीकडे नळ नव्हता.

मग हळूहळू मला उलगडा झाला. काकाजींची बायको, म्हणजे काकू, आम्ही यायच्या आदल्याच वर्षी गेलेल्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण ज्या बाईला पाहिलं नाही तिच्याबद्दल इतकं ऐकलं, की आज रस्त्यात भेटली तर ओळखेन. काकू भिवापूरच्या. माहेरी मिरचीचं शेत. शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण फुटबॉलचं त्यांना भयंकर वेड. ते कुठून लागलं कोणी सांगू शकलं नाही. रोज संध्याकाळी त्या गच्चीवर वेताच्या मोढ्यावर बसायच्या, मांडीवर सूप, सुपात मिरच्या, हात देठं काढण्यात आणि डोळे मैदानावर. आणि काकाजी त्यांच्यासमोर दुसऱ्या मोढ्यावर, म्हणजे मैदानाकडे पाठ करून. मी एकदा विचारलं, तुम्ही वळून का नाही बसत. तर म्हणाले, "ऊन डोळ्यात जाते." त्या दिवशी चांगलं दाट आभाळ होतं.

तर काकूंनी मॅच पाहायची आणि सांगायची, आणि काकाजींनी काकूंकडे पाहायचं आणि ऐकायची. असा त्या माणसाचा संसार झाला. वर्षानुवर्षं त्यांनी फुटबॉल ऐकला आणि एक लाथ डोळ्यांनी पाहिली नाही.

जाताना काकूंनी सांगितलं, माझ्या मागं पंगती नका उठवू, पोट्ट्याईले बॉल द्या. काकाजींनी ते अगदी मनावर घेतलं. काकूंच्या नावानं फंड काढला. पत्र्यावर पाटी रंगवून गच्चीच्या कठड्याला बांधली, तीही मैदानाच्या बाजूला नाही, स्वतःच्या समोरच्या बाजूला, म्हणजे बसल्या जागी त्यांना वाचता यावी. फंडात काय होतं? मिरची. काकूंच्या माहेराहून दर माघात त्यांच्या वाट्याची पोती यायची, ती त्या गेल्यावरही येत राहिली. आम्ही भाडेकरणींनी देठं काढायची, गच्चीवर वाळवायची, कुटायची. ते तिखट मोहल्ल्यात विकायचं आणि त्यातून पोट्ट्यांना बॉल, चड्ड्या, कॅनव्हासचे बूट, आणि दर माघात, काकूंच्या पुण्यतिथीला, त्यांच्या नावाची मॅच. मोहल्ल्यात ज्याच्या घरी भाजी जास्त तिखट व्हायची तो नाकडोळे पुसत म्हणायचा, "चला, गोलकीपरचे बूट झाले."

बूट पोट्ट्यांना झेपायचे नाहीत, ती गोष्ट वेगळी. अनवाणी हरणासारखी पळणारी पोरं बूट घातले की घसरून पडायची. म्हणून मॅचच्या आधी बूट घालून एकदा काकाजींना दाखवायचे आणि मग काढून कठड्याखाली ओळीनं ठेवायचे, अशी पद्धत पडली. काकाजींना कोण सांगणार. ते कुठं वळून पाहत होते.

बॉल मात्र त्यांच्या ताब्यात. तेव्हाचा बॉल चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, वरून वादी आवळायची. काकाजी तो सायकलच्या पंपानं फुगवायचे आणि मग डॉक्टर छातीला लावतो तसा कान लावून ऐकायचे. कुठं फुस्स होतं का. मग डोक्याला लावायचं खोबरेल तेलच बॉलला लावायचे, आधी बॉलला आणि उरलेलं स्वतःला. आणि स्वयंपाकघरात शिंक्यात टांगून ठेवायचे, जिथं दुसऱ्यांच्या घरी दह्याचं गाडगं असतं. एकदा एक नवी मोलकरीण आली, शिंक्यात हात घातला आणि किंचाळून पळाली. तिला वाटलं कोणाचं तरी मुंडकं आहे. तेल लावलेलं.

आणि "पुढं?" हा त्यांचा शब्द. काकूंकडून मॅच ऐकता ऐकता ती सवय जिभेला इतकी चिकटली की माणूस काहीही सांगो, काकाजी म्हणणार, "पुढं?" दूधवाला म्हणाला, आज दूध फाटलं. "पुढं?" तो बिचारा बायकोशी झालेलं भांडणही सांगून जायचा. एकदा त्यांच्या गावाहून माणूस आला, म्हणाला, तुमचे चुलतभाऊ गेले. "पुढं?" तो गोंधळला. म्हणाला, पुढं नेलं त्याईले. "पुढं?" पुढं थोरल्यानं अग्नी दिला. "पुढं?" असं करत करत त्या माणसानं तेरवीच्या जेवणात काय करायचं ठरलं आहे तिथपर्यंत सगळं सांगितलं आणि घाम पुसत गेला. पण खरं सांगू, मोहल्ल्यातल्या कितीतरी लोकांचं पुढचं त्या एकट्या माणसानं ऐकून घेतलं.

आता मॅच सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. मला फुटबॉलमधलं काय कळणार? मी काकूंच्या मोढ्यावर बसायची, हातात त्यांचंच सूप, आणि दिसेल ते सांगायची. "दोन्हीकडचे पोट्टे बॉलभोवती गोळा झाले, काकाजी, नळावर बादल्या लागते तसे."

"नंबर कोणाचा लागला?"

"आपल्या लंब्या पोट्ट्याचा. तो निघाला. निघाला. दुसरा त्याच्या मागं लागला, उधारीवाला लागते तसा."

"पुढं?"

"शिट्टी वाजली."

"काहून?"

"काय माहीत. आपला एक पोट्टा तिकडं गोलापाशी नुसता उभा होता, त्याच्यासाठी वाजली म्हणते."

काकाजी विचारात पडले. "उभं राहणं गुन्हा आहे काय वं?"

"दिसते तर तसंच."

तेव्हापासून काकाजींनी मनात धरलं, की फुटबॉलमध्ये उभं राहणं हा गुन्हा आहे. पोट्ट्यांना जिन्यात गाठून बजावायचे, "काही करा, उभे नका राहू." आमची टीम त्यामुळे कारण नसताना फार पळायची आणि लवकर थकायची.

एका गोष्टीत मात्र मी नापास. काकू नुसत्या सांगायच्या नाहीत, ओरडायच्याही. आपला पोट्टा बॉल घेऊन घोटाळला की त्या मोढ्यावरून उठून खाली ओरडायच्या, "मार न गा, पाहून काय राहिला? पोरगी पाहाले आला काय?" हे मैदानभर ऐकू जायचं. काकाजींना ते हवं होतं. मला म्हणायचे, "आता ओरड." मी नवीन सून, डोक्यावर पदर, खाली तुझ्या मावसाजींच्या मिलमधली माणसं उभी. मी सुपातल्या मिरच्यांना सांगितल्यासारखं हळूच म्हणायची, मार न गा. काकाजी मान हलवायचे. "तसं नाही. पोटातून." मी पुन्हा म्हणायची. "नाही," ते म्हणायचे, "तुले दिसते चांगलं, पण ओरडता येत नाही." 

बॉल गच्चीवर यायचा, हे सांगायचं राहिलं. मैदान लागूनच, तेव्हा कोणी उंच मारला की थेट आमच्या वाळत घातलेल्या मिरच्यांमध्ये. त्या तेल लावलेल्या बॉलला तिखट असं चिकटायचं की बस. आम्ही तसाच खाली टाकायचो. एकदा समोरच्या टीमच्या पोट्ट्यानं त्याला डोक्यानं मारलं आणि त्याच पावली मैदान सोडून नळाकडे पळाला. पंच त्याला विचारतो, कुठं चालला, कुठं चालला. तो सांगतोय कुठला. पंचानं बॉल उचलून वास घेतला आणि मग तोही नळाकडे गेला. काकाजींना मी सांगितलं तेव्हा ते इतके हसले की कोटाची गुंडी तुटली. म्हणाले, "तिनंच मारला तो."

असं छान चाललं होतं. मग एका वर्षी भिवापूरचे मामाजी आले आणि पोतं नव्हतं.

मामाजी म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. शेत, मिरची, सगळं त्यांच्या हातात. बुटके, जाड, मानेला उपरणं, आवाज असा की कानात बोलले तरी रस्त्यावर ऐकू यावं. पण जावयाचा मान मोठा, तेव्हा रागसुद्धा ते मान देऊन करायचे. ओसरीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही आमचे जवाई. तुमच्यापुढं बोलाले आम्हाले तोंड नाई." एवढं म्हणून जे बोलायला लागले ते माझा अख्खा स्वयंपाक होईपर्यंत बोलत होते.

"गावात लोक मले विचारते, बहिणीच्या पुण्यतिथीले काय करता? मी काय सांगू? चेंडू? लोक हासते, जवाईबापू. माणूस मेल्यावर चार तोंडं गोड होते, आमच्या बाईच्या नावानं तुम्ही पोट्ट्याईले लाथा माराले लावता."

"पुढं?" काकाजी म्हणाले.

"पुढं असं हाय, का यंदा पंगत होऊ द्या. मी सोता वाढतो. आन् तो तुमचा खेळबी बसून पाहतो. आमच्या बाईच्या नावाले शोभला, त पोतं येईल. नाई शोभला, त आमची मिरची आमच्या घरी आन् तुमचा चेंडू तुमच्या घरी."

"पुढं?"

"झालं, पुढं काय? एवढंच हाय."

काकाजींनी शिंक्याकडे पाहिलं. शिंक्यातल्या बॉलची शिवण उसवलेली होती आणि ब्लॅडरला ठिगळावर ठिगळ होतं. मिरची नाही तर नवा बॉल नाही, हे कोणालाही कळलं असतं. पण त्या संध्याकाळी मी वाळवण काढायला गच्चीवर गेले, तर मैदानात चिटपाखरू नाही आणि काकाजी आपल्या मोढ्यावर बसलेले, मैदानाकडे पाठ, समोर काकूंचा रिकामा मोढा. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की फंड बंद झाला तर या माणसानं कोणाकडे तोंड करून बसायचं? आणि कोणी त्याला काय सांगायचं? मी सूप घेऊन समोर बसले. म्हटलं, "काकाजी, मैदानात एक गाय आली." ते म्हणाले, "पुढं?"

आता पंगत मॅचच्या आधी की नंतर? आम्ही बायकांनी दबक्या आवाजात सुचवलं, नंतर. मामाजींना ते खपेना. "खापरखेड्यावरून पोरं येईल. पाहुण्याईले उपाशी पळवता? आधी लाथा आन् मग भात?"  दारी आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, हे आम्हालाही पटलेलंच होतं. बरं, पुण्यतिथीच्या नैवेद्याला दुपार टळू द्यायची नाही. झालं, ठरलं. आधी पंगत, मग मॅच.

समोरची टीम, म्हणजे खापरखेड्याच्या कॉलनीतली पोरं, सकाळच्या बसनं आली, चांगली काटक, आमच्या पोट्ट्यांपेक्षा वीतभर उंच. आमची पोरं त्यांना पाहूनच खचली. पण मामाजींनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पाहुणे. त्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि पुरणपोळ्यांची परात स्वतः उचलली.

तू आजकालच्या जेवणावळी पाहिल्यास, ज्यात माणूस स्वतःच ताट घेऊन रांगेत उभा राहतो. तुला आग्रह काय ते कळायचं नाही. पोळीवर तूप नव्हतं घातलं, तुपात पोळी बुडवली होती. पोरगं ताटावर आडवा हात धरायचं, तर मामाजी म्हणायचे, "माझ्या बहिणीच्या नावाची एक." गेलेल्या बाईच्या नावाला नाही कोण म्हणणार? मग "तिच्या मायच्या नावाची एक." मग "भिवापूरची एक." मग वडे. मग कढी. मग पुन्हा पोळी, कारण गोड तोंडानं उठायचं असतं. पंच म्हणून एक पी.टी.चे मास्तर बोलावले होते, पोट्ट्यांना नेहमी सांगायचे, सामन्याआधी पोट हलकं ठेवा. त्यांनी मामाजींच्या घराण्यातल्या सगळ्यांच्या नावाची खाल्ली.

मला वाटलं, चला, पाहुणे जड झाले, आमची पोरं हलकी आहेत, जिंकतील. पण आमची पोरं घरची, ती दुसऱ्या पंगतीला बसली, आणि मामाजींना वाटलं, अरेरे, आपली पोरं उशिरा बसली, उपाशी राहिली. त्यांना त्यांनी दुप्पट वाढलं.

मॅच सुरू झाली. गच्चीवर तीन मोढे. काकाजी मैदानाकडे पाठ करून, लग्नातला म्हणता येईल असा जुना कोट घालून, दाढी गुळगुळीत. समोर मी. माझ्या शेजारी मामाजी, मैदानाकडे तोंड करून, सुपारी कातरत. शिट्टी वाजली. मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"पुढं?" काकाजी म्हणाले.

"काही नाही, काकाजी."

"काही नाही म्हणजे?"

"बॉल उभा आहे."

"आन् पोट्टे?"

"तेबी उभे आहेत."

काकाजींच्या कपाळावर घाम आला. "सगळे?"

"त्याईचा गोलकीपर नाही. तो खांब्याले टेकून बसला."

"आन् पंच?"

"ते निंबाखाली खुर्चीवर आहेत. शिट्टी तोंडात आहे. श्वास घेते तसतशी वाजून राहिली."

खरंच वाजत होती गं. बारीक, फुर्र, फुर्र. त्या आवाजावर पोरं कधी थांबायची, कधी दोन पावलं चालायची, पण चालली तरी थांबल्यासारखीच दिसायची. काकाजी माझ्याकडे वाकून म्हणाले, "उभं राहणं गुन्हा आहे न वं?"

"हो न, काकाजी. आता सगळेच गुन्हेगार आहेत."

मामाजी मात्र खूश. सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणाले, "याले म्हणते पुण्यतिथी. पाहा, कोणाले हालता येऊन नाई राहिलं."

मग एक कुत्रं आलं, पत्रावळींच्या वासानं. ते बॉलपाशी गेलं, हुंगलं आणि नाकानं थोडा ढकललं. मी म्हटलं, "काकाजी, बॉल हलला."

काकाजी ताठ झाले. "कोण?"

"कुत्रं."

"आपलं का त्याईचं?"

मी म्हटलं, "आपल्याच मोहल्ल्यातलं आहे."

"जाऊ द्या त्याले," काकाजी म्हणाले.

पण कुत्र्याला काही फुटबॉलचं वेड नव्हतं. ते गेलं. आणि मी पाहिलं की मामाजींचा चेहरा बदलत चालला आहे. सुरुवातीचा पंगतीचा आनंद ओसरला होता. आता ते उपरण्यानं वारा घेत होते आणि म्हणत होते, "हे असंच असते काय? याच्यासाठी आमची बाई रोज गच्चीवर बसे?" काकाजींनी ते ऐकलं. गुडघ्यावरचा हात मिटला.

एवढ्यात आमच्या लंब्या पोट्ट्याला काय वाटलं कोण जाणे. तो हळूच, एका हातानं पोट सावरत, बॉलपाशी गेला आणि त्याला पायानं पुढे लोटत निघाला. कोणी अडवेना. कोणाला अडवायचं त्राणच नव्हतं. एक जण त्याच्या शेजारून थोडा चालला, जसं आपण पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जातो, आणि मग परत फिरला.

"आपला लंब्या निघाला, काकाजी. त्याले कोणी नाही. गोलापाशी पोचला. गोलकीपर अजून बसलाच आहे."

"पुढं?"

"थांबला."

"काहून?"

"उचकी लागली त्याले."

पोरगं गोलासमोर, बॉल पायाशी, समोर रिकामा गोल, आणि नुसतं उभं. उचकी देतंय आणि पाहतंय. एक उचकी. आणखी एक. मी ओठ आवळले. मला ठाऊक होतं, इथं ओरडायचं असतं, पोटातून. मला येत नव्हतं.

आणि माझ्या शेजारचा मोढा धाडकन मागे पडला. मामाजी उठून उभे राहिले होते, सुपारीचा अडकित्ता हातात, मान लाल, आणि ते ओरडले, "मार न गा, पाहून काय राहिला? पोरगी पाहाले आला काय?"

तोच शब्द. तोच हेल, भिवापूरचा. पुढं मला मामाजींनीच सांगितलं, की त्यांचे वडील शेतात रेंगाळणाऱ्या गड्यांवर असेच ओरडायचे, घरात सगळ्या भावंडांच्या तोंडात ते बसलेलं. पण तेव्हा मला कुठं ठाऊक होतं.  मी काकाजींकडे पाहिलं.

काकाजी वळले होते. जन्मात पहिल्यांदा मोढ्यावरून कमरेपासून वळून, तो आवाज जिकडे गेला तिकडे, मैदानाकडे पाहत होते. ऊन सरळ डोळ्यात जात होतं आणि ते डोळे मिटत नव्हते.

खाली लंब्या त्या आवाजानं इतका दचकला की त्याचा पाय आपोआप उडाला. बॉल गडगडत, अगदी सावकाश, बसलेल्या गोलकीपरच्या मांडीला घासून आत गेला. गोलकीपरनं त्याला जाताना पाहिलं, नुसतं पाहिलं, बाकी काही केलं नाही.

मग जे भांडण झालं ते विचारू नको. भांडायला मात्र पोरांना जोर आला. खापरखेड्याची म्हणाली, शिट्टी नाही वाजली. आमची म्हणाली, शिट्टी मघापासून वाजूनच राहिली. पंचांना हलवून उठवलं, ते म्हणाले, "बस झालं, पोट भरलं." शेवटी दोन्हीकडची पोरं गच्चीखाली आली आणि वर पाहून म्हणाली, काकाजी, तुम्ही फंडाचे मालक, तुमचं तोंड मैदानाकडे होतं, आम्ही पाहिलं. तुम्हीच सांगा, गोल झाला का नाही.

काकाजी कठड्यापाशी गेले. खाली सगळी पोरं वर मान करून उभी.

"पाहिलं काय तुम्ही?"

"पाहिलं," काकाजी म्हणाले.

"काय पाहिलं?"

काकाजींनी कठड्यावर दोन्ही हात टेकले. आणि तेव्हा त्या आयुष्यभर दुसऱ्याला पुढं पुढं करणाऱ्या माणसाला खालून एक पोरगं म्हणालं, "पुढं, काकाजी?"

काकाजी हसले. म्हणाले, "पुढच्या वर्षी सांगतो." आणि मामाजींकडे वळून पाहिलं.

मामाजी तोवर आपला पडलेला मोढा उचलून बसले होते आणि जरा ओशाळले होते. म्हणाले, "जवाईबापू, आमचा आवाज जरा मोठा हाय."

"असू द्या," काकाजी म्हणाले.

"त्या पोट्ट्यानं पाय उचलाले येवढा वेळ काहून घेतला पण?"

"जेवला होता न."

मामाजींनी अडकित्ता मिटला. मग म्हणाले, "पुढल्या साली जेवण खेळाच्या मागून ठेवू."

पोतं आठच दिवसांत आलं, आणि पोत्यावर बसून मामाजी स्वतः आले. दर माघात येत राहिले. पंगत झाली, पण मॅच संपल्यावर. आमची टीम त्यानंतर व्यवस्थित, नेमानं हरत गेली, पण पळून हरली. काकाजींनी आपला मोढा थोडा फिरवून घेतला. मैदानाकडे नाही, मामाजींकडे तोंड येईल असा. मैदानाकडे पाठच. सांगायचं काम माझ्याकडेच राहिलं, कारण मामाजी फक्त ओरडायचे, त्यांना सांगता यायचं नाही. आणि तो गोल झाला की नाही हे काकाजींनी पुढच्या वर्षीही सांगितलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. खापरखेड्याची पोरं आता बाप्ये झाली, आजोबा झाली, त्यातला एक परवा रेशनच्या रांगेत भेटला. मला ओळखलं आणि आधी काय म्हणाला असेल? "बाई, शिट्टी नव्हती वाजली."

काकाजी गेले, मामाजी गेले. मिरची अजून येते, मामाजींचा नातू पाठवतो. देठं काढायला मोहल्ल्यातल्या दोन सुना येतात आणि शिंकत शिंकत माझ्याकडे रागानं पाहतात. पाटी गंजली आहे, पण कठड्याला आहे. पोट्टे नवे, बूट आता त्यांना झेपतात. मैदानाचा एक कोपरा गेला, बाकीचं आहे.

फक्त माझी नजर गेली गं. जिच्यामुळे ही खोली मिळाली तीच. हे पत्रही दुसऱ्याकडून लिहून घेते आहे. मैदानात कोणीतरी पळतंय एवढं कळतं, कोण ते कळत नाही. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू, काढू. काढतील तेव्हा काढतील. पण माघ जवळ आला आहे आणि सांगणारीचा मोढा रिकामा आहे. सुना म्हणतात, आम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं. मलाही कुठं कळत होतं.

तेव्हा ये लवकर. या खेपेला दोन्ही चपला काढून ये. वाळवणाच्या दिवसांत आलीस तर पुढच्या वर्षभराचं तिखट बरोबर देते, आणि तुझं ते पाकीटही परत घेऊन जा. गच्चीवर बस माझ्यासमोर, तोंड मैदानाकडे करून, आणि दिसेल ते सांगत जा, नळावरच्या बादल्या म्हण की उधारीवाला म्हण, मला चालेल. ओरडायची काळजी तू करू नकोस. ते आता मला येतं.